चालत येणाऱ्याचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. आता तुम्ही म्हणाल, बाक म्हटला की तो शाळेतला असणार, बागेतला असणार, नाहीतर दवाखान्याच्या व्हरांड्यातला असणार. यांतला एकही मी नाही. माझे लाकूड कोणत्याही झाडाचे नाही. मला सुताराने रंधा मारलेला नाही, मला वाळवीची भीती नाही आणि माझ्यावर कर्कटकाने नाव कोरणे कुणाच्या बापाला जमणार नाही. मी एका गेममधला बाक आहे.

गेमसुद्धा साधासुधा नाही. ज्यात एक अख्खे जग असते, डोंगर, नद्या, गावे, जंगले असतात आणि खेळणाऱ्याला वाटेल तिकडे जायची मोकळीक असते, तसला. ओपन वर्ल्ड गेम म्हणतात त्याला, हे मी तुम्हाला सांगायला नकोच. त्या जगाच्या अगदी कडेला एक उंच कडा आहे आणि त्या कड्याच्या टोकावर मी उभा आहे. मागे गवत, पुढे दरी, एवढाच माझा संसार. जिथे जिथे तो गेम सुरू असतो तिथे तिथे मी असतो, आणि स्क्रीनची काच मला खिडकीसारखी आहे. तुम्ही तिच्यातून आत बघता, मी तिच्यातून बाहेर बघतो. खेळता खेळता तुम्ही नाकात बोट घालता तेही मला दिसते, पण मी कधी कुणाला सांगितलेले नाही.

मला एका मुलीने घडवले. मुलगी म्हणजे शाळेतली नव्हे, चांगली कमावती. तिच्या ऑफिसात तिला सगळे डोंगरवाली म्हणत, कारण त्या जगातले कडे, घाट आणि पायवाटा बनवण्याचे काम तिच्याकडे होते. तिच्या शेजारच्या टेबलावर चष्मेवाला बसे. गेममधली माणसे कशी चालतील, कशी पळतील, उडी मारून कुठे आपटतील, हे सगळे त्याच्याकडे. आणि या सगळ्यांच्या वर होता कप्तान. माणूस काही वाईट नव्हता. फक्त त्याला रात्रंदिवस एकच धास्ती असे, की खेळणारा कंटाळेल आणि गेम बंद करून दुसरीकडे जाईल.

डोंगरवालीने मला एका दुपारी बनवले. डबा शेजारी उघडा पडला होता आणि ती खायचे विसरून माझ्या पाठीच्या पट्ट्या ठोकत बसली होती. माझा एक पाय तिने मुद्दाम जरा आखूड ठेवला. पाठीच्या उजव्या टोकाला तिने एक लाकडी गोळा बसवला.

"हा गोळा कशाला?" चष्मेवाल्याने मान लांब करून विचारले.

"पिशवी अडकवायला."

"कुणाची?"

"बसेल त्याची," ती म्हणाली आणि हसली.

ते हसणे कशाचे होते ते तिने त्याला सांगितले नाही, पण तुम्हाला सांगतो. डोंगरवालीचे बाबा पोस्टमन होते. आयुष्यभर पायी फिरून त्यांनी टपाल वाटले. त्यांच्या भागाच्या शेवटी एक लांब चढ होता आणि चढाच्या माथ्यावर एक बाक होता, एक पाय आखूड असलेला. शेवटचे पत्र टाकून झाले की बाबा तिथे बसत, रिकामी पिशवी बाकाच्या टोकाला अडकवत आणि खाली पसरलेल्या घरांकडे बघत. शाळा सुटली की ही चिमुरडी धावत त्या बाकावर जायची. मग बाबा बोट दाखवून एकेक घर सांगायचे. ते कुत्रेवाल्यांचे. ते पिवळ्या दाराचे, तिथल्या आजींना मुलाचे पत्र वाचून दाखवावे लागते. तिला वाटे की हे सगळे गाव आपल्या बाबांचेच आहे.

त्या बाकावरून मी बेतलेला. माझे कामही तिने तसेच ठरवले होते. कुणी माझ्यावर बसले की त्याने पाठीवरची पिशवी काढून गोळ्याला अडकवायची. मग दरीत संध्याकाळ उतरायची आणि त्या माणसाने या जगात जे जे स्वतः जाऊन पाहिले असेल तिथे तिथे एकेक दिवा लागायचा. ज्या दारावर थाप मारली त्या दारात दिवा. ज्या पुलावर घटकाभर उभा राहिला त्या पुलावर दिवा. जिथे गेलाच नाही तिथे अंधार. तलवार नाही, सोने नाही, गुण नाहीत. पहिल्यांदा ते सगळे जमून आले तेव्हा ती एकटीच टेबलाशी बसून किती तरी वेळ बघत राहिली. मलाही मी बाक असल्याचा अभिमान वाटला.

आणि इथेच माशी शिंकली. त्याच आठवड्यात तिचे बाबा जिन्यात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. डोंगरवाली ऑफिस सोडून दवाखान्यात जाऊन बसली. इकडे ऑफिसात वेगळाच घोळ चालला होता. गेममधल्या बाजारात खूप बाक होते. खेळणारा दरोडेखोरांपासून जीव घेऊन पळायचा, घाईत चुकीचे बटण दाबायचा आणि वाटेतल्या बाकावर ऐसपैस बसायचा! मागून दरोडेखोर येऊन त्याला बदडत आणि हा आपला समोरची शोभा बघतोय. ऑफिसात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. चष्मेवाल्याने त्यावर साधा उपाय काढला. जो पळत येईल त्याला कोणताच बाक बसू देणार नाही, जो चालत येईल त्यालाच देईल. जेवताना त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, पण डोंगरवाली त्या जेवणाला नव्हती. आणि कड्यावरही एक बाक आहे, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

ती परत आली त्याच दिवशी तिला कप्तानासमोर माझे काम दाखवायचे होते. कप्तानाने कंट्रोलर हातात घेतला आणि गेममधल्या माणसाला धूम पळवत कड्यावर आणले. बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. माणूस माझ्यासमोर धापा टाकत नुसता उभा. डोंगरवालीने स्वतः करून पाहिले, तीही घाईघाईने पळतच आली. मी जीव तोडून 'ये, बस' म्हणत होतो, पण मला वाचा नाही.

"अगं, इतका चढ चढून आलो आणि हाती काय?" कप्तान म्हणाला. "डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो. इथं तोही नाही."

"बसलं की दिवे लागतात. परवापर्यंत लागत होते."

"लागतीलही. पण लोक वर येतात ते काहीतरी मिळावं म्हणून. ठेव इथं एक पेटी. पेटीत चांगली तलवार ठेव."

पुढचे कित्येक आठवडे डोंगरवाली आपल्या कामात चूक शोधत राहिली. सापडणार कशी? चूक तिच्या कामात नव्हतीच. दुपारी दवाखान्यातून फोन आला की ती उठून बाहेर जाई आणि डोळे पुसून परत माझ्यासमोर बसे.

माझ्या शेजारी पेटी आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. कड्याची हवा माझी, दरी माझी आणि नकाशावर लाल बाण मात्र पेटीबाईंच्या नावाचा. गेम तपासणारे टेस्टर रोज येत. बाणाच्या रेषेत सरळ पळत वर यायचे, पेटी उघडायचे, तलवार उचलायचे आणि पाठ फिरवून खाली उडी टाकायचे. दरीकडे एकानेही मान वळवली नाही. त्या बिचाऱ्यांनाही दोष कसा देऊ? दिवसभर हेच काम असल्यावर पळणारच माणूस. पण खरे सांगतो मित्रांनो, पेटी नव्हती तेव्हा निदान एखादा 'इथे काय आहे बुवा' म्हणून इकडेतिकडे बघायचा. पेटी आल्यावर तेही संपले. घेतले की चालू लागले. टेस्टरांनी माझ्याबद्दल एकच शेरा मारला: 'बाक बंद आहे.'

शेवटी कप्तान तिच्या टेबलाशी आला. त्याचा आवाज मऊच होता. "हे बघ, गेम आधीच जड झालाय. सोमवारी नको असलेल्या वस्तू काढून टाकायच्या आहेत. तो बाक असून अडचण. काढ तो."

"काढते," डोंगरवाली म्हणाली. तिने वाद घातला नाही. तिच्यात तेवढे त्राण उरले नव्हते. घडवणारीखेरीज एकदाही कुणी न बसता बाकाने जायचे, याहून वाईट मरण बाकाला नाही.

शनिवारी तिने गेम घरी नेला, तशी तिला परवानगी होती. घर दोन खोल्यांचे होते. खिडकीशी एक खुर्ची आणि खुर्चीत बाबा. ते दवाखान्यातून घरी आले होते, हाडही जुळले होते. दाराच्या मागे नवी काठी होती, तिच्यावरचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता. डॉक्टर म्हणत होते, चाला. बाबा म्हणत, बघू. ज्यांनी सगळे गाव पायाखाली घातले ते आता पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढेच जात.

"बाबा, जरा खाली तरी जाऊन येऊ या ना," ती म्हणाली.

"नको गं. दहा माणसं मागं टाकून जातात मला. कोपऱ्यावरचा तो दूधवाला तर थांबून वाट देतो. मला वाट देतो!"

तिने स्क्रीन त्यांच्यासमोर ओढली आणि कंट्रोलर हातात दिला. ते तो अंडे धरावे तसा धरून बसले. अंगठ्याखालची दांडी पूर्ण दाबली की माणूस पळतो, हलकेच दाबली की चालतो. बाबा ती इतकी जपून दाबत, की माणूस चालतच राहिला.

"दाबा की जोरात. पळेल तो."

"पाठीवर पिशवी आहे त्याच्या. पिशवी घेऊन कोणी पळतं का?" बाबांनी डोळे बारीक केले. "आणि हा बाण कसला?"

"तिकडं जायचं. राजवाड्यात राजाला कैद केलंय, त्याला सोडवायचं."

"आणि ही घरं?"

"ती शोभेची आहेत, बाबा."

"घर कधी शोभेचं असतं का? आत माणूस बोलतोय की. राजा थांबेल जरा. आधी ही गल्ली होऊ दे."

मग मित्रांनो, त्या घरात जे घडले तसे मी पुन्हा कधी पाहिले नाही. बाबा शनिवारी दुपारभर आणि रविवारी सकाळपासून एकेक दार घेत निघाले. थाप मारायची, आतून आवाज येईपर्यंत थांबायचे, मगच पुढे जायचे. एखादे घर झाडामागे लपलेले असले तर हे वळसा घालून जायचे, कारण त्यांच्या मते घर सुटता कामा नये. राजा तिकडे कैदेत कुजत होता. पहिल्या दिवशी डोंगरवाली शेजारी बसून हसली, दुसऱ्या दिवशी तिला कपड्यांचे ढीग उरकायचे होते. सोमवारी मला काढायचे हे तिच्या मनात सलत होते, पण बाबांना त्यातले काही माहीत नव्हते.

रविवारी दुपारी ते माझ्या डोंगराच्या पायथ्याशी आले. वर घर नव्हते, पण पायवाट होती. "वाट आहे म्हणजे वर कुणीतरी असणार," असे स्वतःशी पुटपुटत ते चढू लागले. डोंगरवालीने एकेक दगड हाताने बसवलेली ती पायवाट, तिच्यावरून पहिल्यांदाच कुणीतरी नुसते चालत येत होते. कड्यावर आल्यावर त्यांना पेटी दिसली. माझा जीव खाली-वर झाला. बाबांनी पेटीकडे पाहिले, तिला वळसा घातला आणि म्हणाले, "कुणाची तरी राहिलेली दिसते. दुसऱ्याचं आपण कशाला उघडायचं?"

आणि ते हळूहळू माझ्याकडे आले. बसण्याची खूण उमटली. त्यांनी बटण दाबले आणि तो माणूस माझ्यावर बसला. त्याने पाठीवरची पिशवी काढली आणि माझ्या उजव्या टोकाच्या गोळ्याला अडकवली.

बाबांचे हात थांबले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"अगं," ते म्हणाले. "अगं, इकडं ये जरा."

ती ओल्या हातांनी आली आणि दारातच थबकली. दरीत संध्याकाळ उतरली होती आणि दिवे लागत होते. एक लागला, मग शेजारचा, मग गल्लीच्या गल्ली. टेस्टरांनी पाहिलेले जग म्हणजे राजवाड्याकडे जाणारी एक रेघ होती. बाबांचे जग कोंबडीने अंगण उकरावे तसे इकडून तिकडे पसरले होते, आणि त्यात दाराला दार लागून उजेड होता.

"पिशवी अडकवली त्यानं," बाबा म्हणाले. "तू केलंस हे?"

"हो."

"पाय पण आखूड आहे बाकाचा."

"हो, बाबा."

मग बाबांनी पूर्वीसारखे बोट पुढे केले. "ते निळ्या दाराचं. तिथली बाई भारी तुसडी, दार उघडायच्या आधीच ओरडते. ते वळणावरचं, लोहाराचं घर. आणि ते एक अंधारात राहिलं बघ, नदीपलीकडचं. सुटलंच माझ्याकडून."

डोंगरवाली रडत होती आणि हसतही होती. "पण तुम्ही बसलात कसे? तो कुणालाच बसू देत नाही!"

"कसा म्हणजे? बाकावर बसतात तसा."

तिने कंट्रोलर घेतला, माणसाला उठवले, लांब नेले आणि पळत आणले. मी काही करू शकलो नाही. तिने पुन्हा पळत आणले.

"अगं, दमानं घे की जरा," बाबा म्हणाले. "कुणी पाठीमागं लागलंय का?"

ती थबकली. मग तिने दांडी हलकेच दाबली आणि चालत आली. मी तिला बसवून घेतले.

सोमवारी तिने बाबांचा खेळ ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर लावला. चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. "ती पळण्याची अट माझीच! बाजारातल्या बाकांसाठी घातलेली."

"म्हणजे आपण सगळे इतके दिवस पळत गेलो," कप्तान म्हणाला, आणि मग त्यालाच हसू फुटले. दिवे लागून झाले तरी तो उठला नाही. "पण मग बक्षीस काय म्हणायचं याला?"

"त्यानं जे पाहिलं तेच त्याला परत दिसतं," डोंगरवाली म्हणाली. "बाणाच्या मागं गेला असेल तर रेघ दिसेल. फिरला असेल तर गाव दिसेल."

"आणि पाटी लावायची? 'येथे हळू चाला' म्हणून?"

"नको."

कप्तानाने थोडा वेळ विचार केला. "पेटी काढा," तो म्हणाला. "तिचा बाण पण काढा. बाक राहू दे."

असा मी वाचलो. गेम जगात गेला, घरोघरी पोचला. खोटे कशाला सांगू, माझ्या वाट्याला कौतुक थोडे आणि उपेक्षाच जास्त आली. 'कड्यावर काही मिळत नाही, वेळ घालवू नका,' असे लोक एकमेकांना सांगू लागले. कित्येक जण पळत आले, बटण बडवून, मला शिव्या देऊन गेले. पण मधूनच कुणीतरी थकून, सहज, चालत येई. एकदा एक बाई बसली. तिच्या दरीत राजवाड्याची तेवढी एक रेघ उजळली, बाकी सगळा काळोख. राजाला तिने कधीच सोडवले होते, गेम जिंकून झाला होता. ती त्या काळोखाकडे बघत राहिली, मग उठली आणि सगळ्यात जवळच्या अंधाऱ्या गावाकडे चालत निघाली. त्या दिवशी मला कळले, की माझ्याकडे देण्यासारखे काही नाही असे नाही.

आता नवे गेम आले, नवी जगे आली. मी जुना झालो. म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगतो, ऐकाल तर बरे. तुम्ही खुशाल पळा, तुमचे वयच पळण्याचे आहे. पण कुठेही पोचताना शेवटची चार पावले चालत जा, म्हणजे तिथला बाक तुम्हाला बसू देईल. आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने तुमच्या मशीनवर काही खेळून ठेवले असेल, तर जागा हवी म्हणून ते न विचारता पुसू नका. तुम्हाला तो अर्धवट खेळ वाटतो. त्यात त्या माणसाने किती दारांवर थाप मारली आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते.

बाबांचे राहिलेच की सांगायचे. नदीपलीकडचे ते सुटलेले घर त्यांनी होडी शोधून एके दिवशी गाठलेच. मग वर येऊन माझ्यावर बसले. सगळी दरी उजळली. अंधारात एकही दार उरले नाही.

"झालं की सगळं," शेजारी बसलेली डोंगरवाली म्हणाली. "आता राजाला सोडवा."

बाबा तिकडे बघतच नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. "आपल्या चढावरचा बाक आहे का गं अजून?"

"असेल. मी खालूनच पळत जाते रोज. वर गेलेच नाही कधीपासून."

"पिवळ्या दाराच्या आजी?"

"काय माहीत, बाबा."

"बघून यायला पाहिजे," ते म्हणाले. दाराच्या मागे कागद फाडल्याचा आवाज झाला. मग काठीचा आवाज झाला आणि त्याच्या जोडीने तिच्या चपलांचा, त्याच संथ चालीने. दोन्ही आवाज जिना उतरत गेले.

गेम बंद करायचा राहून गेला. तो माणूस माझ्यावर तसाच बसून होता, पिशवी गोळ्याला, समोर दिवेच दिवे. काचेतून मला बाहेरची खोली दिसत होती, खिडकीत ऊन होते आणि खिडकीपाशी बाबांची खुर्ची होती. बाकाचा जन्म कुणीतरी येऊन बसावे म्हणून असतो. पण मित्रांनो, एखादी रिकामी खुर्ची बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.